लिलावाची दवंडी आणि गावाचे मौन

मराठीत लिलावासाठी जे दोन शब्द सर्वांत रुळले आहेत ते दोन्ही बाहेरून आलेले आहेत. ‘लिलाव’ हा पोर्तुगीज ‘लैलांव’चा मराठी अवतार. विदर्भ-मराठवाड्यात आजही रेतीघाटांचा होतो तो ‘हर्रास’, आणि त्याचे नाते अरबी-फारसी ‘हराज’शी आहे. पैकी पहिल्या शब्दाचा प्रवास अधिक मनोरंजक आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरी असलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी सात ते नऊ भरणाऱ्या या बाजाराची हकिगत दिली आहे. तेथे घोडे विकले जात, गुलाम विकले जात, आणि माणूस मेला की त्याची चीजवस्तू शेवटच्या कवडीपर्यंत विकली जाई. मग तो माणूस व्हाइसरॉय का असेना. पुढे १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाच्या कर्त्यांनी असे नोंदवले की हा पोर्तुगीज शब्दही मूळचा पोर्तुगीज नव्हे. तो अरबी ‘इअलाम’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ ‘जाहीर करणे, कळवणे’ असा आहे. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, त्याच धातूतून तो निघाला.

लिलावाच्या मुळाशी ‘कळवणे’ आहे, ही गोष्ट आम्हांला निव्वळ व्युत्पत्तीची गंमत वाटत नाही. लिलाव म्हणजे चढाओढ, हातोडा, ‘एक वार, दोन वार’ असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. पण बोली लागण्यापूर्वी एक प्रश्न निकालात निघालेला असतो: जे विकले जात आहे ते कोणाला किती ठाऊक आहे? घोडा विकायचा तर तो बाजारात उभा करता येतो, त्याचे दात पाहता येतात. जमीन उठवून बाजारात आणता येत नाही. तिचा कागद आणता येतो, आणि कागदात चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गावरस्ता, उत्तरेस तमक्याचे शेत. ओढ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकते, रस्ता वहिवाटीचा आहे की भांडणाचा, उत्तरेकडचा ‘तमका’ बांध कोरणारा आहे की नाही, हे त्या चार ओळींत नसते. ते गावात असते. म्हणून स्थावराच्या लिलावाचा इतिहास हा पुष्कळसा स्थानिक माहितीचा इतिहास आहे: ती कोणाजवळ होती, कोणाजवळ नव्हती, आणि त्या तफावतीची किंमत कोणी मोजली. एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या संदर्भात हा इतिहास थोडक्यात मांडावा, असा येथे विचार आहे.

१

इंग्रजपूर्व मराठी मुलखात जमीन विकली जात नसे, असा एक समज आहे. तो खरा नाही. मिराशी जमिनी विकल्या जात, वतने विकली जात, त्यांचे वाटे पडत, त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. राजवाड्यांपासून पुढे इतिहाससंशोधकांनी छापलेल्या कागदपत्रांत अशा खरेदीखतांची आणि महजरांची कमतरता नाही. पण ही विक्री होई ती गोताच्या समक्ष. पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार, बलुतेदार यांची साक्ष त्यावर पडे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर, सुताराची किकरे-वाकस. कागदाच्या शेवटी शपथ असे, आणि ती मोडील त्याला हिंदूस गाईची व मुसलमानास सुवराची आण असे.

या पद्धतीला न्यायाचे प्रतीक मानण्याची आमची इच्छा नाही. गोतात कोण बसतो आणि कोण वेशीबाहेर उभा राहतो हे जातीने ठरत असे, आणि ज्या अस्पृश्यांच्या खांद्यांवर गावच्या शिवेची राखण होती त्यांच्या वाट्याला त्या शिवेच्या आतली जमीन क्वचितच येई. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या विक्रीत घेणाऱ्याला माहिती वेगळी शोधावी लागत नसे. माहिती बाळगणारी माणसेच विक्रीची साक्षीदार असत. ज्याचा बांध लागून आहे तोच साक्षीला बसला, म्हणजे पुढे बांधावरून उठणारा तंटा निदान अर्धा तरी आधीच मिटला. गोव्यातील गावकरीत हे तत्त्व आणखी स्पष्ट दिसते. १५२६ च्या फोरालात पोर्तुगीजांनी गावांचे जे जुने रिवाज लिहून काढले, त्यांत गावकऱ्यांच्या संमतीवाचून कोणी आपली वंशपरंपरागत जमीन विकू नये व कोणी घेऊ नये, असा दंडक आहे. त्याच गावकरीत सामाईक शेते ठरावीक मुदतीने कसण्यासाठी बोलीवर दिली जात. म्हणजे लिलाव तेथेही होता, पण तो परस्परांना ओळखणाऱ्यांचा होता. कोणती खाजण जमीन खारे पाणी लवकर धरते हे बोली लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे, आणि बाकीच्यांना ते ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक असे.

२

१८१८ नंतर हे चित्र पालटले, पण एका दिवसात नव्हे. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या मोजणीने शेताला सर्व्हे नंबर दिला, नंबरावर सारा बसवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. सारा भरीत राहील तोवर धारण करणाऱ्याला ती जमीन विकण्याची, गहाण टाकण्याची मोकळीक मिळाली. ‘विठोबाच्या मळ्याखालचे टेकाडावरचे शेत’ हा कागदावर एक आकडा झाला. आकड्याचा गुण असा की तो पुण्यात बसूनही वाचता येतो. त्याचा दोषही तोच.

त्यानंतर कायदे भराभर आले. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या संहितेने व्याजाला घातलेली १२ टक्क्यांची मर्यादा १८५५ मध्ये उठली. १८५९ मध्ये एकाच वर्षी दोन कायदे झाले. मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची वसुली तीन वर्षांत करण्याचे बंधन घातले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली. दुसरा कायदा दिवाणी व्यवहारसंहितेचा. त्याने कुळाच्या मिळकतीवर जप्ती आणून ती लिलावाने विकण्याची रीत ठरवून दिली. विक्रीचा जाहीरनामा जिल्ह्याच्या चालू भाषेत काढावा, तो लावल्यापासून स्थावराच्या बाबतीत निदान तीस दिवस जाऊ द्यावेत, घेणाऱ्याने किमतीचा चौथा हिस्सा तेथल्या तेथे भरावा, अशी ती रीत होती.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. जाहीरनामा निघतो, मुदत मिळते, ज्याला हवे त्याने यावे, जमीन पाहावी आणि बोली लावावी. जो सर्वांत अधिक देईल त्याची जमीन. सावकाराचे पैसे फिटतील, उरलेली रक्कम कुळाला मिळेल, जमीन अधिक ऐपतदार हातात जाईल. इंग्रजी अर्थशास्त्राचे धडे घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना याहून सरळ काही सुचणे कठीण होते.

प्रत्यक्षात काय झाले? बोली लावायला सहसा कोणी येतच नसे. हुकूमनामा मिळवणारा सावकार स्वतः किंवा त्याचा माणूस तेवढा उभा राही आणि जमीन नाममात्र किमतीत त्याच्याकडे जाई. किमतीपेक्षा कर्ज मोठे राही, म्हणून जमीन जाऊनही कर्ज उरे.

याचे कारण सावकाराच्या लबाडीत शोधण्याची आपल्याला सवय आहे, आणि लबाडी नव्हती असे आम्ही म्हणत नाही. मिरजगावच्या रयतेने अहमदनगरच्या कलेक्टराकडे दिलेल्या अर्जात, पीक उचलून नेताना सावकार खात्यावर जमा करू म्हणतो पण जमा करीत नाही आणि पावतीही देत नाही, अशी तक्रार आहे. तरीही लिलावाला दुसरा गिऱ्हाईक का येत नव्हता, हे त्यावरून उलगडत नाही. ते उलगडते न्यायालय काय विकत होते हे पाहिल्यावर. न्यायालय जमीन विकत नव्हते. ऋणकोचा त्या जमिनीतला ‘हक्क, अधिकार आणि हितसंबंध’ विकत होते. तो किती आहे याची हमी नव्हती. त्यावर आधीचे गहाण आहे का, भाऊबंदांचा वाटा निघतो का, पड किती आणि काळी किती, हे घेणाऱ्याने पाहायचे. परगावच्या माणसाला ते पाहणे अशक्य होते. गावातला कुणबी ते जाणत होता, पण त्याच्याजवळ रोकड नव्हती, आणि असली तरी भाऊबंदाचे शेत लिलावात घेऊन त्याच गावात नांदायचे कसे, हा प्रश्न होताच. राहता राहिला सावकार. त्याच्या वहीत वीस वर्षांची पिके लिहिलेली होती. कोणत्या वर्षी विहीर आटली, कोणत्या वर्षी बैल मेला, मुलीच्या लग्नाला किती लागले, हे त्या शेताच्या मालकाइतकेच त्याला ठाऊक होते. आधीचे गहाण कोणते, तर बहुधा त्याचेच.

दवंडी पिटली जात होती आणि गाव ऐकत होते. पण ज्याला जमीन ठाऊक होती त्याला ती घेता येत नव्हती, आणि ज्याला घेता आली असती त्याला ती ठाऊक नव्हती. दोन्ही गोष्टी जुळून आलेला माणूस एकच होता. खुला बाजार निर्माण करण्यासाठी केलेल्या कायद्याने अशा रीतीने एकट्या जाणत्याचा बाजार निर्माण केला.

हे दख्खनपुरते मर्यादित नव्हते. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यानंतर ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारा न भरणाऱ्या जमीनदाऱ्या लिलावात निघू लागल्या. १७९७ मध्ये बर्दवानच्या राजाचे महाल विकले गेले तेव्हा बोली मोठ्या अहमहमिकेने लागली. पुढे उघडकीस आले की घेणारे बहुतेक राजाचेच नोकर आणि हस्तक होते, आणि ९५ टक्क्यांहून अधिक विक्री लटकी होती. तेथे जाणत्यांनी मालकाची जमीन मालकाकडे फिरवली. येथे जाणत्याने ती स्वतःकडे घेतली. नीती उलट, रीत एकच. कलकत्त्याला किंवा पुण्याला बसलेल्या अधिकाऱ्याला कागदापलीकडचे दिसत नव्हते, हे दोहोंना समान आहे.

३

आता कर्ड्याची गोष्ट. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर आलेली कापसाची तेजी १८६५ मध्ये ओसरली होती. भाव उतरले होते. आणि पहिल्या मोजणीची तीस वर्षे संपून नवा सारा बसला तो चढ्या भावांच्या हिशोबाने. १८७४ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या वजनदार शेतकऱ्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, आणि त्याच्या बजावणीत देशमुखाचे घर पाडण्यास सुरुवात केली. गावाने त्यानंतर सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते कसायची नाहीत, त्यांच्याकडे चाकरी करायची नाही, त्यांचे पाणी भरायचे नाही. हे लोण आसपासच्या गावांत गेले. काही गावांनी समापत्रे लिहिली: सावकाराची जमीन जो कसेल त्याच्याशी रोटीव्यवहार बंद, आणि न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी त्याचे काम करू नये.

या समापत्रांकडे लक्ष देण्यासारखे आहे, कारण महजरावर निशाणी करणारी जी माणसे कायद्याने विक्रीतून वगळली होती ती येथे परत येतात. न्यायालयाच्या लिलावाला गोताची साक्ष लागत नव्हती. ठीक आहे, पण लिलावात घेतलेली जमीन कसायला बैल लागतो, नांगराचा फाळ लागतो, फाळ शेवटायला लोहार लागतो. विक्रीला गावाची संमती नको असली तरी उपभोगाला ती लागतेच, हे गावाने दाखवून दिले. न्यायालयाने दिलेला कब्जा कागदावर पूर्ण होता, शिवारात तो अर्धवट राहिला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरला. जमावाची मागणी मुख्यतः एकच होती: रोखे, वह्या आणि हुकूमनामे बाहेर काढा. ते जाळले गेले. पुष्कळ ठिकाणी कागद निमूटपणे दिलेल्या सावकाराला फारशी इजा झाली नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने या तपशिलापाशी थांबावे. निरक्षर माणसे येथे कागदावर चाल करून जात आहेत. जे त्यांच्याविषयी लिहिले गेले पण त्यांना वाचता आले नाही, ते त्यांना नष्ट करायचे आहे.

दंग्यात मारवाडी आणि गुजर सावकारांवर रोख धरला गेला, कारण ते ‘परगावचे’ होते. येथे एक विसंगती आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. परकेपणा हा त्यांच्यावरचा आरोप होता. पण त्यांची शक्ती होती ती त्यांना असलेल्या गावाच्या बारीकसारीक माहितीत. रक्ताने परका आणि माहितीने घरचा असा हा माणूस होता. त्याला भाऊबंदकीची लाज धरावी लागत नव्हती आणि भाऊबंदांइतके सारे ठाऊक होते. सावकारी करणारे ब्राह्मण आणि कुणबीही होते. ज्ञान आणि सलगी यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे; जातीच्या स्वभावाचे नव्हे.

४

येथे एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या निबंधात या दंग्यांभोवती एक मिथक तयार झाल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते दंग्यांचा विस्तार आणि परिणाम इतिहासकारांनी फुगवला आहे, आणि सावकारांच्या हाती प्रत्यक्ष गेलेली जमीन समजली जाते तितकी नव्हती. रविंदर कुमार यांच्या १९६८ च्या ग्रंथात रंगवलेले ग्रामीण समाजाच्या उलथापालथीचे चित्र त्यामुळे काहीसे फिके पडते.

हा आक्षेप मान्य केला तरी आमचे म्हणणे बाधित होत नाही. उलट त्याला आधार मिळतो. जाणत्याला जमीन ठाऊक होती म्हणूनच त्याने ती सरसकट घेतली नाही. पर्जन्यछायेतल्या हलक्या रानाचा मालक होणे म्हणजे दुष्काळाच्या वर्षीही सारा भरणे. त्यापेक्षा खाते कुणब्याच्या नावावर राहू द्यावे, सारा त्याने भरावा आणि पीक आपल्या घरी यावे, हे अधिक सोयीचे. पुष्कळ ठिकाणी जमीन खरोखर सावकाराकडे गेल्यावरही सरकारी दप्तरात जुनेच नाव चालू राहिले. म्हणजे लिलावाची ताकद तो झाल्यात नव्हती, तो होईल या भीतीत होती. महसूल खात्याच्या तक्त्यांतून ही भीती मोजता येत नाही. ती दंगा-आयोगाच्या अहवालाच्या परिशिष्टांत, रयतांच्या आणि सावकारांच्या जबान्यांत सापडते, आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांच्या संतापात सापडते. तक्ता आणि जबानी यांपैकी एकच पुरावा खरा मानण्याची आपल्याला गरज नाही. पण दोन्ही वाचल्याशिवाय लिहिण्याचा अधिकारही नाही.

५

आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याची जमीन स्पष्टपणे गहाण टाकलेली नसेल तर हुकूमनाम्याच्या बजावणीत तिचा लिलाव करता येणार नाही, असे त्याच्या २२ व्या कलमाने ठरवले. गावपातळीवर दस्त नोंदणारे आणि समेट घडवणारे नेमले. थोडक्यात, कागदावरून गावाकडे परत जाण्याचा हा प्रयत्न होता.

या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायमूर्ती रानडे यांचा दीर्घकाळ संबंध आला. १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते याच कायद्याखालचे स्पेशल जज्ज होते. या कामासाठी त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावे लागे. रमाबाईंच्या १९१० च्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त या फिरतीची वर्णने आली आहेत. आपण ती एका विदुषीच्या सहजीवनाच्या आठवणी म्हणून वाचतो, आणि त्या तशा आहेतच. पण त्या दिवाणी न्यायाच्या इतिहासाचेही साधन आहेत. न्यायाधीशाने बैलगाडीतून मुलूख पाहावा, ही गोष्ट १८५९ च्या संहितेच्या कर्त्यांना सुचली नव्हती.

कायदा यशस्वी झाला का? पुरता नाही. लिलाव अडला तेव्हा सावकारांनी सरळ खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली. कर्ज द्यायचे आणि कागदावर विक्री दाखवायची. पुढे १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिणाऱ्या त्रिंबक नारायण आत्र्यांना गावाचे जे दर्शन घडले, त्यात खुशीचा आणि सक्तीचा व्यवहार वेगळा काढणे अवघड झालेले दिसते.

सर्वसाधारण दिवाणी कायद्यानेही मात्र काही धडे घेतले. १८८२ च्या संहितेच्या २९४ व्या कलमानुसार हुकूमनामा मिळवणाऱ्याला न्यायालयाच्या परवानगीवाचून बोली लावता येईना. १९०८ च्या संहितेच्या २१ व्या आदेशातील ६६ वा नियम सांगतो की विक्रीच्या जाहीरनाम्यात मिळकतीवरील सारा, तिच्यावरील बोजा आणि घेणाऱ्याला तिचे स्वरूप व किंमत समजण्यासाठी आवश्यक अशी प्रत्येक गोष्ट नमूद करावी. कर्ड्याच्या पाडलेल्या घरापासून या नियमापर्यंतचे अंतर ३४ वर्षांचे आहे. ‘इअलाम’ या शब्दाचा मूळ अर्थ कायद्याने तेवढ्या काळानंतर कबूल केला, असे म्हटले तरी चालेल.

६

हा इतिहास संपलेला नाही, हे कोणत्याही मराठी दैनिकाचे आतले पान उघडले की कळते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँका थकलेल्या कर्जापोटी घरे, गाळे, कारखाने विकतात. लिलाव आता संगणकावर होतो. राखीव किंमत छापलेली असते. बोली मिळाली की २५ टक्के लगेच आणि उरलेले सर्वसाधारणपणे १५ दिवसांत भरायचे असतात. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे. १८७९ च्या २२ व्या कलमाची ही दूरची आठवण आहे. अर्थात सहकारी संस्थांच्या वसुलीची वाट वेगळ्या कायद्यातून जाते आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचते.

या जाहिरातींत एक वाक्प्रयोग कायम असतो: ‘जसे आहे, जेथे आहे, जे आहे’ या तत्त्वावर विक्री. आम्ही तो वाचतो तेव्हा ‘हक्क, अधिकार आणि हितसंबंध’ ही जुनी त्रिपदी ऐकू येते. विकणारा म्हणतो, मी हमी देत नाही, तू पाहा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात असा निर्णय दिला की अशा तत्त्वावर घेतलेल्या मिळकतीवरील आधीच्या मालकाची थकलेली वीजबिले, नियमांत तशी तरतूद असल्यास, नव्या जोडणीपूर्वी घेणाऱ्याकडून मागता येतात. ‘जसे आहे’ या दोन शब्दांत मागच्या माणसाचा विजेचा वापरही मोडतो.

म्हणून आज लिलावात घर घेऊ पाहणाऱ्याला व्यवहारी माणसे जो सल्ला देतात तो ऐतिहासिकदृष्ट्या अगदी रास्त आहे. सात-बाराचा आणि फेरफारांचा मागोवा घ्या, ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, जाहिरातीतला ताबा प्रत्यक्ष आहे की प्रतीकात्मक ते पाहा. पण त्यावर थांबू नका. दिवसा जा आणि रात्री जा, उन्हाळ्यात पाणी कसे येते ते शेजाऱ्याला विचारा, पावसाळ्यात रस्ता कुठे तुंबतो ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, सोसायटीची थकबाकी चिटणीसाला विचारा. आणि आत कोण राहते ते विचारा. हा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा आहे तसा नीतीचाही आहे. दारावर चिकटवलेल्या नोटिशीमागे एक कुटुंब असते. त्याची नोकरी गेली असेल, दुकान बसले असेल, कोणाचे तरी जामीन राहणे अंगाशी आले असेल. स्वस्तात मिळालेल्या घराची किंमत ज्या कारणाने उतरली ते कारण जाणून घेणे हे घेणाऱ्याच्या हिताचे आहे. ते जाणूनही घ्यावे की नाही, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचे आहे. कालूरामालाही देशमुखाचे घर पुरते ठाऊक होते. माहिती माणसाला शहाणे करते. सज्जन करतेच असे नाही.

७

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की खरेदीखत, महजर, रोखा, जाहीरनामा, समापत्र आणि लिलावाची नोटीस हे मराठी गद्याचे प्रकार आहेत. कादंबरी आणि निबंध यांच्या कितीतरी आधीपासून आणि कितीतरी अधिक माणसांच्या आयुष्यावर या गद्याने अंमल केला. त्याची स्वतःची शैली आहे. महजरात अनेक जण बोलतात आणि प्रत्येकाची निशाणी उरते. रोख्यात कुळ ‘मी लिहून देतो’ म्हणते, पण लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो. नोटिशीत कोणीच बोलत नाही. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते’ असा कर्त्यावाचून आवाज येतो. या तिन्ही आवाजांचा तौलनिक अभ्यास आपल्या विद्यापीठांत अद्याप हवा तसा झालेला नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्याच गावची किंवा पेठेची एक लिलावाची नोटीस शोधून आणायला सांगावी. तिच्यातल्या चतुःसीमा घेऊन त्याने त्या जागी जावे, चारी बाजूंच्या लोकांशी बोलावे, आणि नोटिशीत जे नाही ते दोन पानांत लिहावे. बोली या शब्दाला मराठीत तीन अर्थ आहेत: लिलावात पुकारलेली किंमत, व्यवहारात ठरलेली अट, आणि एखाद्या मुलखाची भाषा. पहिली लावण्यापूर्वी तिसरी ऐकून घ्यावी, एवढे त्या दोन पानांतून त्याच्या ध्यानात आले तर पुरे.